बाबासाहेबांची सम्यक वाणी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर आजवर विपुल लेखन झाले आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे लढे, राज्यघटनेच्या निर्मितीतील त्यांचे कार्य आणि धम्मदीक्षा यांची ओळख आमच्या वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या चरित्राकडे एका वेगळ्या बाजूने पाहण्याचे ठरविले आहे. समोरचा माणूस बलाढ्य असताना, सभागृह प्रतिकूल असताना, प्रसंगी जिवावर बेतले असताना बाबासाहेब कसे बोलत असत, आणि ते बोलणे त्यांनी कसे कमावले, हा आमचा विषय आहे. निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पुढे कचेरीत, महाविद्यालयात, नोकरीच्या ठिकाणी पदोपदी असे प्रसंग येतात. अपमान गिळून मान खाली घालावी की संतापून चार शब्द सुनावून मोकळे व्हावे, या दोनच वाटा त्यांना दिसतात. तिसरीही वाट आहे, हे बाबासाहेबांचे चरित्र दाखविते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात वाचन, पाठांतर आणि शिस्त यांना मान होता. तथापि घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच चित्र पालटे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर दिवसभर कोरडा घसा. स्वतःची साधी गरजही दुसऱ्याच्या मर्जीवाचून बोलून दाखविता येत नाही, हा धडा त्यांना बालवयातच मिळाला.

१९०१ सालचा गोरेगावच्या प्रवासाचा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. वडील नोकरीनिमित्त गोरेगावी होते. त्यांना भेटण्यासाठी ही मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. भीमाने निरागसपणे आपली जात सांगितली आणि त्या गृहस्थाचा चेहराच बदलला. गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी मुलांनीच हाकण्याच्या अटीवर एक गाडी ठरली. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, भीमाने आपण मुसलमान आहोत असे भासवून उर्दूत पाणी मागितले. तरीही पाणी मिळाले नाही. मुलांना उपाशीपोटीच रात्र काढावी लागली. खरे सांगितले तेव्हा गाडी नाकारली गेली आणि खरे लपविले तेव्हाही तहान भागली नाही. स्वतःला लपवून मिळणारी सुरक्षितता किती तकलादू असते, हे दहा वर्षांच्या मुलाने त्या रात्री अनुभवले.

हाच धडा पुढे बडोद्यात अधिक कठोरपणे समोर आला. मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण पुरे करून, काही काळ लंडनमध्ये अभ्यास करून ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहण्यास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने नोंद करून ते राहू लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला दहाबारा जणांचा जमाव त्यांच्या खोलीसमोर उभा राहिला. प्रश्नांचा भडिमार झाला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. त्या वेळी बाबासाहेब निरुत्तर झाले. परक्या नावाने राहिल्याची बाब उघड झाली होती आणि त्या जमावापुढे त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. स्नेह्यांकडेही आसरा मिळाला नाही. बडोद्याच्या कमाटी बागेत काही तास बसून, डोळ्यांतील पाणी आवरत, ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

आम्ही हा प्रसंग मुद्दाम विस्ताराने सांगतो आहोत. जगातील नामांकित विद्यापीठांत वावरलेला हा विद्वानही एके काळी काठ्यांच्या वेढ्यात मुका झाला होता. निर्भीड वाणी ही जन्मजात देणगी आहे, असे आपल्या मुलांना वाटता कामा नये. बाबासाहेबांनीही ती अभ्यासाने आणि निश्चयाने घडविली. बडोद्यानंतरच्या त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात त्यांनी आपली ओळख कधीही झाकली नाही. उलट, प्रत्येक व्यासपीठावर ते प्रथम आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत हे स्पष्ट करीत आणि मग मुद्द्याकडे वळत.

त्याची पहिली ठळक खूण १९१९ च्या जानेवारीत दिसते. मताधिकाराचा विचार करण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी लेखी निवेदन सादर केले आणि साक्षही दिली. तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी समितीपुढे दयेची याचना केली नाही. अस्पृश्यांची दुःखे इतरांना पुरतेपणी मांडता येणार नाहीत, म्हणून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी हवेत आणि मताधिकाराची अट त्यांच्या आवाक्यातील हवी, हे त्यांनी आकडे आणि तर्क यांच्या आधारे पटवून दिले. ठाम बोलण्याचे पहिले सूत्र येथे सापडते. आपली मागणी नेमकी असावी आणि तिच्यामागे पुरावा असावा. मोघम गाऱ्हाणे ऐकून सोडून देता येते. आकड्यांनिशी मांडलेल्या मागणीला उत्तर द्यावेच लागते.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी पाक्षिक सुरू केले, त्याचे नाव ‘मूकनायक’. ज्यांना वाचा नाही त्यांचा नायक, या अर्थाचे हे नाव त्यांनी निवडावे यात आम्हांस बडोद्याच्या त्या मूक संध्याकाळचा पडसाद ऐकू येतो. पुढे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या सूचनेवरून पुन्हा लिहावा लागला. त्यांनी मांडणी बदलली, परंतु निष्कर्ष तेच ठेवले, आणि १९२३ साली त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. शब्द कोठे मवाळ करावेत आणि कोठे तसूभरही हलू नये, याचा विवेक या घटनेत दिसतो.

या विवेकाची खरी कसोटी महाडला लागली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. परंतु कागदावरचा हक्क प्रत्यक्षात कोणी बजावला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठली. मंडपातील जेवणाच्या पंगतींवर आणि रस्त्यात एकटेदुकटे सापडलेल्या माणसांवर लाठ्यांचा मारा झाला. अनेक जण रक्तबंबाळ झाले. परिषदेस आलेल्यांमध्ये लष्करातून निवृत्त झालेले कित्येक जवान होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांच्या एका इशाऱ्यावर गावात रक्तपात झाला असता. त्यांनी तो इशारा दिला नाही. लोकांना त्यांनी शांत राहण्यास सांगितले, जखमींची व्यवस्था पाहिली आणि कायद्याचा मार्ग धरला. पुढे हल्लेखोरांवर खटले चालले आणि काहींना शिक्षाही झाल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर पुन्हा जाण्याचा निर्धार करून लोक आले होते. परंतु विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. तुरुंगात जाण्यास लोक एका पायावर तयार होते. बाबासाहेबांनी दोन्ही बाजू तोलून सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. आपल्याच माणसांना, त्यांचा उत्साह शिगेला पोहोचला असताना, थांबा असे सांगणे हे परक्यांना खडसावण्यापेक्षा अवघड असते. त्यांनी ते कारणे देऊन सांगितले आणि लोकांनी ते मानले. तळ्याभोवती शांततेने मिरवणूक निघाली. न्यायालयातील लढा जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठामपणाला धीराची जोड नसेल तर तो केवळ आवेश ठरतो, हे महाडने शिकविले.

१९३० साली लंडनमध्ये गोलमेज परिषद भरली. रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासमवेत बाबासाहेब अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले. ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून, ब्रिटिशांच्या राजधानीत, ब्रिटिश प्रधानमंत्र्यांसमोर उभे राहून त्यांनी ब्रिटिश राज्याचाच हिशेब मांडला. इंग्रजी अंमलापूर्वी अस्पृश्यांना विहिरीवर, मंदिरात, पोलिसांत प्रवेश नव्हता आणि इतक्या वर्षांच्या अंमलानंतरही स्थिती फारशी पालटलेली नाही, असे त्यांनी निःसंकोच सांगितले. लोकांच्या हाती सत्ता यावी आणि त्या सत्तेत अस्पृश्यांचा वाटा असावा, ही त्यांची भूमिका होती. यजमानाच्या घरी त्याच्याच तोंडावर त्याच्या उणिवा दाखविताना त्यांनी एकही असभ्य शब्द वापरला नाही. म्हणूनच ते भाषण हेटाळून बाजूला सारता आले नाही.

दुसऱ्या गोलमेज परिषदेपूर्वी, १४ ऑगस्ट १९३१ रोजी, मुंबईच्या मणिभवनात त्यांची महात्मा गांधींशी पहिली भेट झाली. एका बाजूला कोट्यवधींच्या श्रद्धेचे स्थान असलेला नेता आणि दुसऱ्या बाजूला चाळिशीतील एक बॅरिस्टर. बाबासाहेबांनी काँग्रेसच्या अस्पृश्यता निवारणाच्या कार्याबद्दलचे आपले असमाधान स्पष्ट बोलून दाखविले आणि अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाविषयी गांधीजींचे मत काय, हे थेट विचारले. गांधीजींनी आपला विरोध तितक्याच स्पष्टपणे सांगितला. त्यावर बाबासाहेबांनी, मत उघडपणे सांगितल्याबद्दल आभार मानून निरोप घेतला. मतभेद निवळला नाही. परंतु दोघे कोठे उभे आहेत, याविषयी संदिग्धता उरली नाही. कठीण संभाषणाचे फलित दर वेळी एकमत असेलच असे नाही. परस्परांची भूमिका निःसंदिग्ध होणे, हेही मोठे फलित असते.

त्या मतभेदाचे टोक १९३२ च्या सप्टेंबरात गाठले गेले. ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबर रोजी प्राणांतिक उपोषण आरंभिले. सारा देश बाबासाहेबांकडे बोट दाखवू लागला. गांधीजींच्या जिवाचे काही बरेवाईट झाले असते तर खेडोपाडीच्या निराधार वस्त्यांवर काय ओढवले असते, याची कल्पना आजही अंगावर काटा आणते. या दडपणाखाली बाबासाहेबांनी वाटाघाटी केल्या. राखीव जागांची संख्या किती, उमेदवार निवडण्याची पद्धत कोणती, हा करार किती काळ टिकणार, अशा एकेका कलमावर ते अडून बसले. २४ सप्टेंबर रोजी पुणे करारावर सह्या झाल्या आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. स्वतंत्र मतदारसंघ मात्र सोडावे लागले. हा करार दडपणाखाली झाला, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे व्यक्त केली. या प्रसंगाला आम्ही विजय म्हणत नाही आणि शरणागतीही म्हणत नाही. माघार घ्यावी लागली तरी ती अटी ठरवून, लेखी स्वरूपात घ्यावी आणि तिची वेदना नंतर खोट्या समाधानाखाली झाकू नये, इतके त्यातून निश्चित शिकता येते.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळाला त्यातील काही भाग अडचणीचा वाटला आणि तो गाळण्याविषयी विचारणा झाली. बाबासाहेबांनी सविस्तर पत्र लिहून नकार कळविला. अध्यक्षपद सुटले, परिषद रद्द झाली. त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यात दिला. पुढील आवृत्तीत गांधीजींनी केलेली टीका आणि त्या टीकेला स्वतः दिलेले उत्तर, दोन्ही समाविष्ट केली. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापासून न लपविता आपले म्हणणे मांडणे, यास मोठा आत्मविश्वास लागतो. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या नावाने मराठी वाचकांना परिचित असलेला ग्रंथ तो हाच.

संविधान सभेत बाबासाहेब आले ते बंगालमधून निवडून. सभागृहात काँग्रेसचे मोठे बहुमत होते आणि तिच्याशी त्यांचा संघर्ष ताजा होता. १७ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचे नाव अनपेक्षितपणे, क्रमाच्या आधी पुकारले. सिद्धतेस अवसर नव्हता. जुने हिशेब चुकते करण्याची ती संधी होती. बाबासाहेबांनी ती घेतली नाही. ठरावातील उणिवा त्यांनी दाखविल्या, मुस्लिम लीगला येण्यास वेळ द्यावा या सूचनेचे समर्थन केले आणि सामर्थ्य हाती असणाऱ्यांनी शहाणपणाने वागून सर्वांना बरोबर घ्यावे, असे आवाहन केले. विरोधक म्हणून पाहणाऱ्या सभासदांनीही त्या भाषणाला दाद दिली. पुढच्याच वर्षी त्याच सभेने त्यांना मसुदा समितीचे अध्यक्षपद दिले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रकृती खालावलेली असतानाही ते महिनोन्‌महिने सभागृहात उभे राहून आक्षेपांना उत्तरे देत राहिले. जेथे सूचना योग्य वाटली तेथे त्यांनी ती स्वीकारली, जेथे पटली नाही तेथे नकाराचे कारण सांगितले.

कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. स्त्रियांना वारसा, घटस्फोट आणि दत्तक या बाबतींत न्याय देणारे ते विधेयक रेंगाळत ठेवले गेले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबर रोजी सभागृहात निवेदन करण्याची वेळ आली असता त्याची प्रत आधी द्यावी असा आग्रह पीठासनावरून धरला गेला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि आपले निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. राजीनाम्याची कारणे त्यात एकामागून एक मांडलेली होती. मंत्रिपद सोडतानाही त्यांनी मोघम बोलणे पसंत केले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अष्टांगिक मार्गातील सम्यक वाणीचे विवेचन आले आहे. सत्य बोलावे, कोणाची निंदा करू नये, रागाने व शिवीगाळीने बोलू नये, हे आपण वंदनेच्या वेळी नेहमी ऐकतो. त्याच विवेचनात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचे लक्ष कमी जाते. सम्यक वाणी भीतीपोटी किंवा मेहेरबानीच्या आशेने पाळायची नसते. वरिष्ठाला काय वाटेल किंवा आपले काय नुकसान होईल, यावर ती अवलंबून नसते. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तातही तथागतांनी हाच विवेक सांगितला आहे. बोलणे सत्य आणि हितकर असेल तर ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे. असत्य आणि अहितकर असेल तर ते कितीही गोड असले तरी बोलू नये.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत स्थापन केलेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. राजा मिलिंदाने चर्चेची इच्छा दर्शविली तेव्हा भदंत नागसेनांनी त्याला प्रथम विचारले की, चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजाच्या रीतीने. पंडितांच्या चर्चेत चूक दाखविली तरी कोणी रागावत नाही. राजाला मात्र विरोध खपत नाही आणि तो दंड करतो. राजाने पंडितांची रीत मान्य केली आणि मगच संवाद सुरू झाला. सत्ताधीशासमोर बसून बोलण्याचे नियम आधी ठरवून घेणारा हा भिक्खू आणि सभागृहात निवेदनाच्या हक्कासाठी अडणारे बाबासाहेब हे एकाच परंपरेचे आहेत.

आमच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येक मुलाला बाबासाहेबांची जन्मतारीख पाठ असते, त्यांचे ग्रंथ ठाऊक असतात. त्यासोबतच त्याने त्यांचे बोलणेही आत्मसात करावे, अशी आमची इच्छा आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर संबंधित अधिकाऱ्याला नियम दाखवून लेखी उत्तर मागावे. कोणी आडनावावरून खोचकपणे विचारले तर नजर न चुकविता ओळख सांगावी. गटातील मित्र चुकीच्या वाटेने निघाले तर महाडच्या त्या डिसेंबरप्रमाणे त्यांना थांबविण्याचे धैर्य दाखवावे. पालकांनीही घरात मुलाने आदराने नोंदविलेला मतभेद उद्धटपणा समजू नये. जे मूल आईवडिलांपुढे आपले म्हणणे मांडू शकत नाही, ते परक्या साहेबापुढे कसे मांडील? आणि बोलताना एखाद्या वेळी जीभ अडखळली, उत्तर सुचले नाही, तर त्याने निराश होऊ नये. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने परतलेला तो निःशब्द तरुण पुढे देशाच्या संविधानाच्या एकेका कलमाचे समर्थन करण्यास उभा राहिला, हे त्याने स्मरणात ठेवावे.